देशांतर केलेल्या फुटबॉलपटूचे चरित्र शाळेच्या भित्तिपत्रकासाठी कसे लिहावे

रत्नागिरी किंवा मालवणच्या शाळेतील भित्तिपत्रकावर खेळाडूचे चरित्र बहुधा गोल आणि चषकांच्या यादीवर संपते. ज्याने अर्धे आयुष्य परमुलखात काढले, त्याच्यासाठी ही पद्धत अपुरी पडते. प्राग येथे जन्मलेला, आघाडीच्या फळीत खेळणारा फुटबॉलपटू यिर्झी सोबोट्का (१९११–१९९४) याचे उदाहरण घेऊ.

प्रथम वहीच्या पानावर दोन रकाने आखावेत. एकात त्याच्या आयुष्यातील वर्षे लिहावीत आणि दुसऱ्यात त्या वर्षी प्रागवर कोणाची सत्ता होती ते लिहावे. जन्माच्या वेळी ऑस्ट्रिया-हंगेरी, १९१८ पासून चेकोस्लोव्हाकिया, १९३९ ते १९४५ जर्मन अंमल, मग पुन्हा चेकोस्लोव्हाकिया, १९४८ ते १९८९ साम्यवादी राजवट आणि १९९३ पासून चेक प्रजासत्ताक, असा तो रकाना भरतो. यावरून सोबोट्का चेक असला तरी खेळला चेकोस्लोव्हाकियाकडून, हे मुलांना आपोआप कळते.

त्यानंतर चरित्राचा कणा ठरेल असा एक सामना निवडावा. अनेक जण १० जून १९३४ रोजी रोममध्ये झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना निवडतील, ज्यात इटलीने जादा वेळेत २–१ असा विजय मिळवला. मी मात्र ३१ मेचा तुरिनमधील उपांत्यपूर्व सामना निवडेन. त्यात चेकोस्लोव्हाकियाने स्वित्झर्लंडला ३–२ असे हरवले आणि त्यांतील एक गोल सोबोट्काचा होता. महायुद्धानंतर तो त्याच स्वित्झर्लंडमध्ये स्थायिक झाला, घड्याळांसाठी प्रसिद्ध असलेल्या ला शो-द-फाँ या गावच्या संघाचा प्रशिक्षक झाला, त्या संघाने १९५४ व १९५५ अशी सलग दोन वर्षे लीग आणि चषक दोन्ही जिंकले आणि पुढे स्विस राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षकपदही त्याच्याकडे आले. ज्या देशाच्या जाळ्यात त्याने चेंडू मारला, त्याच देशाचा संघ त्याने घडवावा, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते.

स्विस नोंदींत त्याचे नाव झॉर्झ असे आढळते. गावात घरच्या हाकेने ओळखला जाणारा माणूस मुंबईच्या हजेरीपटावर वेगळ्याच नावाने असतो, हे कोकणातल्या मुलांना ठाऊक असते. तरीही दोन्ही नावे आरंभीच एकदा द्यावीत.

शब्द जपून वापरावेत. ‘पळाला’, ‘आश्रय घेतला’ आणि ‘स्थायिक झाला’ यांचे अर्थ वेगवेगळे आहेत; जाण्याचे कारण पुराव्याने सांगता येत नसेल, तर ‘स्थायिक झाला’ असेच लिहावे. ज्यांच्या घरचे कोणी आखातात किंवा जहाजावर आहे, अशा एखाद्या विद्यार्थ्याला कच्चा मजकूर आधी वाचून दाखवावा. मागे कोण राहिले, असे त्याने विचारले, तर त्याचे उत्तर शोधूनच मजकूर फलकावर लावावा.