ही शिफारस कोणत्या आईसाठी आहे?

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या भागांत स्तनपान समुपदेशनाकडे नव्याने वळणाऱ्या परिचारिकांसाठी मी हे लिहीत आहे. पहिल्या तासात बाळ छातीशी, सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध आणि पुढे पूरक आहारासोबत दोन वर्षे किंवा अधिक काळ स्तनपान, हे तुम्हाला पाठ आहे. मला सांगायची आहे ती माझी एक चूक, आणि ती जुन्या समजुतीतून नव्हे तर नवे संशोधन वाचल्यामुळे माझ्या हातून घडली.

आमच्या शिक्षणात दाटलेल्या स्तनांवर एकच उपाय होता: गरम शेक द्या, गाठ जोर लावून चोळा आणि स्तन रिकामा होईपर्यंत दूध काढा. घरोघरी शेगडी आणि कोमट तेल घेऊन बसणाऱ्या सासवाही तेच करत असत, त्यामुळे या बाबतीत दवाखाना आणि घर यांचे कधी भांडण झाले नाही. पुढे अकॅडमी ऑफ ब्रेस्टफीडिंग मेडिसिन या संस्थेचा 2022 साली आलेला छत्तिसावा प्रोटोकॉल, म्हणजे स्तनदाहावरच्या उपचारांची मार्गदर्शिका, माझ्या वाचनात आला. दुग्धनलिका अरुंद होतात त्या बहुधा सूज आणि दाह यांमुळे. जोराने चोळल्यास ऊतींना इजा होऊन सूज वाढते, आणि स्तन वारंवार रिकामा केल्यास शरीर अधिक दूध तयार करू लागते, अशी त्यातली मांडणी आहे. बर्फाचा शेक, त्वचेवरून अगदी हलका हात आणि बाळाच्या मागणीनुसार पाजणे, असा त्याचा सल्ला. इतकी वर्षे किती जणींच्या गाठी मी चोळल्या, या विचाराने मी शरमले आणि दुसऱ्याच दिवसापासून वॉर्डात सर्वांना सांगू लागले: चोळू नका, पिळू नका, बर्फ लावा.

मे महिन्यात यावलकडची एक पहिलटकरीण सिझेरियननंतर चौथ्या दिवशी माझ्याकडे आली. दोन्ही स्तन दगडासारखे झाले होते आणि स्तनाग्राभोवतीचा काळा भाग इतका ताणला होता की बाळाच्या तोंडात काही मावतच नव्हते. सासूबाई वाटीत तेल कोमट करत होत्या. मी त्यांना थांबवले, फडक्यात बर्फ गुंडाळून दिला, दूध काढायचे नाही असे बजावले आणि पुढच्या खाटेकडे वळले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाचे वजन जन्मवजनापेक्षा अकरा टक्क्यांनी उतरले होते, आणि लंगोटावर विटकरी डाग होता. "दूध येस नही, बाई," सासूबाई म्हणाल्या. दूध येत होते. ते बाळाच्या पोटात जात नव्हते, एवढाच काय तो फरक, आणि तो मी आदल्या दिवशीच पाहायला हवा होता. बालरोगतज्ज्ञांनी वरचे दूध सुरू केले. त्या घडीला ते योग्यच होते, हे मान्य करायला मला बरेच दिवस लागले.

रात्री मी तोच प्रोटोकॉल पहिल्या ओळीपासून वाचला. मी आधी वाचला होता तो मोबाइलवर फिरणारा, हिरव्या-लाल खुणांचा एका पानाचा सारांश. स्तन रिकामा करण्याचा आग्रह धरू नका, हा सल्ला जिचे बाळ पीत आहे, किंवा जिला पंपामुळे गरजेपेक्षा जास्त दूध येऊ लागले आहे, अशा आईला नेमका लागू पडतो. सुजेमुळे बाळाला पकडताच येत नसेल, तर सूज उतरेपर्यंत हाताने थोडे थोडे दूध काढण्यास मूळ मजकुरात वाव आहे, आणि ते काढलेले दूध वाटी-चमच्याने पाजता येते. सारांशात हे वाक्य नव्हते. म्हणून पुन्हा सांगते, कंटाळा आला तरी वाचा: कोणतीही शिफारस आईपर्यंत नेण्याआधी ती कोणत्या आईसाठी लिहिली आहे ते शोधा, आणि समोरचे बाळ गिळते आहे की नाही ते स्वतः बसून पाहा. तोंड हलते म्हणजे गिळते असे नव्हे. हनुवटी खाली जाऊन क्षणभर थांबते आणि मग घोट उतरल्याचा आवाज येतो, तो ऐका.

त्या आईला दुसऱ्या दिवशी जे उपयोगी पडले, ते तर 2004 पासून छापील उपलब्ध आहे. जीन कॉटरमन या अमेरिकन परिचारिकेने मांडलेली ही पद्धत आहे. आईला पाठीवर निजवायचे, बोटांची टोके स्तनाग्राच्या मुळाशी गोलाकार ठेवायची आणि छातीच्या दिशेने हळुवार पण सलग दाब देऊन निदान एक मिनिट धरायचे. सूज फार असेल तर त्याहून अधिक. साचलेले पाणी मागे सरते, काळा भाग मऊ पडतो आणि लगेच बाळाला लावायचे. प्रसूतीत सलाइन भरपूर दिलेले असेल तर ही सूज वाढू शकते, म्हणून सिझेरियनच्या खाटांवर मी आता आधी हेच तपासते. दाबामुळे दुखता कामा नये. दुखले तर तुम्ही पुन्हा चोळायलाच लागला आहात.

संशोधन आपल्याकडे आणताना आणखी एक अडचण येते. धडगावच्या एखाद्या पाड्यावर बर्फ कुठून आणणार? तिथे माठाच्या पाण्यात भिजवलेले फडके मी वापरते, आणि हा माझा पर्याय आहे, प्रोटोकॉलचा नाही, हे स्वतःला विसरू देत नाही. त्याच प्रोटोकॉलमध्ये शिफारशींपुढे पुराव्याची पातळी दिलेली आहे; ती वाचल्याशिवाय "संशोधन असे म्हणते" हे वाक्य उच्चारू नये.

शिक्षणाविषयी माझे मत काहींना कडू लागेल. दोन दिवसांच्या प्रमाणपत्रावर पाटी लावणाऱ्यांचा मला राग येतो. आयबीसीएलसी, म्हणजे आंतरराष्ट्रीय परीक्षा देऊन प्रमाणित झालेली स्तनपान सल्लागार, होण्यासाठी परिचारिकांच्या नेहमीच्या मार्गाने 95 तासांचे विषयशिक्षण आणि 1000 तासांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो, तो उगाच नाही. पैसे नसतील तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे स्तनपानावरील मराठी व्हिडिओ विनामूल्य आहेत. आरंभ तिथून करा. मार्गदर्शक निवडताना पदव्या मोजू नका, ती व्यक्ती एक पूर्ण पाजणे न बोलता पाहू शकते का, ते बघा. दूधपावडर कंपनीच्या खर्चाने होणाऱ्या प्रशिक्षणाला मात्र जाऊ नका. बाळांच्या दूधपर्यायांविषयीच्या 1992 च्या आणि 2003 मध्ये सुधारलेल्या कायद्याने तशा प्रायोजकत्वाला मनाई आहे.

तुमच्याही हातून चुका होतील, आणि त्यामुळे तुम्ही या कामाला नालायक ठरत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशात पहिल्या तासात स्तनपान मिळालेली बाळे 41.8 टक्केच होती. जवळच्या दवाखान्यात जन्म घेऊनही हे होत असेल, तर तिथे बसून पाहणाऱ्या माणसांची किती गरज आहे, ते उघड आहे. यावलच्या त्या आईचे बाळ सहाव्या दिवशी नीट पिऊ लागले आणि वरचे दूध पुढच्या आठवड्यात सुटले.

ताप, थंडी किंवा वाढत जाणारी लाली चोवीस तासांत कमी झाली नाही, तर फडकी बदलत बसू नका. आईला डॉक्टरांकडे पाठवा, आणि पाजणे थांबवायचे नाही हे चिठ्ठीवर मराठीत लिहून तिच्यासोबत आलेल्या सासूच्या किंवा आईच्या हातात द्या.