दारू कमी करायचीय, पण बैठक सुटत नाही? या चुका टाळा

आखाडात बोकड पडतं, श्रावण पाळला जातो आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, पुन्हा बाटल्या उघडतात. मराठवाड्यात पिण्याचं वेळापत्रक असं पक्कं ठरलेलं. त्यात कंदुरी (नवसाचं मटणाचं जेवण), हळद, जावळ आणि ग्रामपंचायतीची निवडणूक यांची भर. कमी करू म्हणणारा गडी दारूपेक्षा वाढणाऱ्या हातापुढं जास्त वेळा हरतो.

श्रावण पाळला म्हणजे सवय नाही, असं समजणं

"अख्खा श्रावण थेंबाला शिवलो नाही" हे अभिमानानं सांगणारे गावोगाव भेटतात. चांगलंच आहे. पण श्रावणात बैठकच बसत नाही, मग आग्रह कोण करणार? परीक्षा करीला असते. शिवाय महिनाभराच्या खंडानं दारू पेलायची शरीराची सवय कमी झालेली असते. आखाडातलंच माप तेव्हा घेतलं तर लवकर चढते, आणि त्याच रात्री मोटारसायकलवर घरी यायचं असतं.

मटण शिजेपर्यंत पीत बसणं

शेतातल्या पार्टीचा क्रम ठरलेला. चुलीवर पातेलं चढलं की इकडं पहिला पेग भरला जातो. काळ्या मसाल्याचा रस्सा उकळून भाकरी हातात पडेपर्यंत रात्रीचे अकरा वाजतात. तोवर पोटात काय, तर खारे शेंगदाणे, शेव आणि कांद्याच्या चार फोडी. रिकाम्या पोटी दारू भराभर रक्तात उतरते, खारट चकण्यानं तहान लागते, आणि तहानेला हाताशी ग्लासच असतो. घरून एखादी भाकरी खाऊन निघा, नाहीतर थेट जेवणाच्या वेळेला पोहोचा. मला विचाराल तर चूल आपल्याकडं घ्यावी. पळी ज्याच्या हातात, त्याला फारसं कुणी छेडत नाही. रस्सा करपला तर सगळ्यांचीच पंचाईत.

आपला ग्लास दुसऱ्याला भरू देऊ नका. अर्धा झालेला ग्लास पुन्हा काठोकाठ झाला की कितवा चाललाय हे कुणालाच सांगता येत नाही. कॉन्ट्रीचंही तसंच. सगळ्यांएवढे पैसे दिले की वसूल करायची बुद्धी होते. "मी मटणापुरते देतो" हे आदल्या दिवशीच फोनवर सांगून टाका, बसल्यावर नको.

बिअरला दारूत न धरणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. 42.8 टक्के अल्कोहोल असलेल्या व्हिस्कीच्या 180 मिलीच्या क्वार्टरमध्ये साधारण 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या बाटलीत साधारण 41 ग्रॅम. म्हणजे "क्वार्टर सोडली, आता दोन बिअरवर आलोय" असं म्हणणारा 82 ग्रॅमवर पोहोचलेला असतो, कमी करता करता वाढवून बसलेला. शरीर तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकालात काढतं. रात्री बाराला बैठकीतून उठलेला माणूस सकाळी सातला मोंढ्यात गाडी घेऊन निघाला, तर रक्तात अजून शिल्लक असू शकते. लिंबू-सोडा किंवा काळ्या चहानं हा वेग वाढत नाही.

रोज नवी सबब

"गोळ्या चालू आहेत" ही सबब आठ दिवस चालते. नवव्या दिवशी कुणीतरी विचारतंच, "संपल्या का गोळ्या? मग घे की भावा!" त्यापेक्षा "मी एकच घेतो, पुढं नाही" हे सरळ सांगावं. दोन-तीन बैठकांत थट्टा होते, मग लोकांना दुसरा विषय मिळतो.

गळ्यात तुळशीची माळ असली की आग्रह आपोआप थांबतो, हे खरं. पण माळ पूर्ण सोडणाऱ्याची आहे. नुसतं प्रमाण कमी करायला ती घातली आणि मोडली, तर लाजेपायी माणूस चोरून प्यायला लागतो.

उतारा लागणाऱ्यानं घरीच एकदम बंद करणं

सकाळी हात थरथरतात, उतारा म्हणून सकाळीच घोटभर दारू घेतल्याशिवाय चहाचा कप धरवत नाही, अशा माणसानं मनानंच एका दिवसात बंद करू नये. थरथर आणि घाम काही तासांतच सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात, दोन-तीन दिवसांनी भ्रम होऊन नसलेली माणसं दिसू शकतात. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि देवऋषीकडं नेतात. यात जीव जाऊ शकतो, दवाखानाच गाठायचा. तिथं झटके थांबवायची औषधं आणि बी-1 जीवनसत्त्व देऊन हे दिवस निभावून नेता येतात.

भिंतीवरच्या जाहिराती वाचून चहातून गुपचूप औषध देणं तर त्याहून वाईट. अशा पुड्यांत बऱ्याचदा काय असतं ते कळतच नाही. डायसल्फिरामसारखं औषध पोटात असताना माणूस प्यायला, तर उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, प्रसंगी जीवही जातो. डॉक्टर ते पिणाऱ्याला सांगून, त्याच्या संमतीनंच देतात. कुठं जावं सुचत नसेल तर व्यसनमुक्तीची हेल्पलाइन 14446 आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस 14416, दोन्ही मोफत आहेत. पिणारा फोन करायला तयार नसेल तर बायकोनं किंवा भावानं केला तरी चालतो.