कॅनडातला फ्रेंच शेतकरी पूर्वज शोधताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडमधलं एखादं किंग किंवा व्हाइट घराणं. त्यांची वंशावळ सीमेपर्यंत झकास जाते आणि क्वेबेकमध्ये शिरताच गाडी अडते. लोक म्हणतात, कागदच नसतील. खरं तर तिथल्या कॅथलिक पॅरिशांच्या (पॅरिश म्हणजे एका चर्चची हद्द) नोंदी सतराव्या शतकापासूनच्या आहेत. अडचण होते ती आडनाव घट्ट धरून बसल्यामुळे.

1840 ते 1930 या काळात सुमारे 9 लाख माणसं क्वेबेक सोडून अमेरिकेत गेली, त्यातली बरीचशी कापडगिरण्यांत. तिथे आडनावांचं इंग्रजी भाषांतर झालं: 'र्वा'चा किंग झाला, 'लब्लां'चा व्हाइट. त्याच्याही आधीचा घोळ 'दी' (म्हणजे 'उर्फ') नावांचा. 1665 मध्ये फ्रान्सहून आलेल्या कारिन्यां-सालिएर पलटणीतल्या सैनिकांना टोपणनावं असत. त्यांतला पिएर उदों दी बोल्यू शेती करून क्वेबेकमध्येच राहिला. त्याचे वंशज आज कुठे उदों, तर कुठे बोल्यू. आपल्याकडे कुलकर्णी, देशमुख ही वतनाची नावं मूळ आडनावावर चढून बसली, तसंच हे. दोन्ही नावांनी शोधा.

दुसरी चूक म्हणजे बाप्तिस्म्यापासून सुरुवात करणं. मुलीच्या नावाआधी मारी, मुलाच्या नावाआधी जोझेफ सर्रास लागायचं, आणि एक मूल दगावलं की पुढच्याला तेच नाव. मग भलताच जोझेफ गळ्यात पडतो. त्यापेक्षा लग्नाची नोंद धरा. तिच्यात नवरा-नवरी दोघांचेही आईवडील असतात, आईचं माहेरचं आडनावही. तिथल्या कागदोपत्री बायका जन्मभर माहेरचंच नाव लावत, म्हणून बायकोला सासरच्या नावाने शोधलंत तर ती सापडायची नाही. लग्न बहुधा नवरीच्या पॅरिशमध्ये लागे. नोंदीत आईवडिलांऐवजी 'अमुकचा विधुर' असं आलं, तर ते दुसरं लग्न. आईवडिलांसाठी पहिलं लग्न शोधा.

पॅरिशची वही जळालेली निघाली तरी लगेच हात टेकू नका. 1679 पासून नोंदींची दुसरी प्रत न्यायालयाकडे जात असे. पॅरिश कधी स्थापन झाली तेही पाहा. त्याआधीच्या नोंदी शेजारच्या गावात असतात.

सगळ्यात मोठी चूक मात्र चर्चपाशीच थांबण्याची. पूर्वज शेतकरी होता ना? मग नोटरीचे दस्त बघा. जमिनी नदीकाठाने अरुंद आणि आत लांबच लांब पट्ट्यांच्या: साधारण 3 आर्पां रुंद, 30 ते 40 आर्पां खोल (आर्पां म्हणजे सुमारे 58 मीटर). दस्तात चतुःसीमा लिहिलेली असते, एका बाजूला कोण, दुसऱ्या बाजूला कोण. एकाच नावाचे दोन शेतकरी एका पॅरिशमध्ये असले, तर शेजाऱ्यांवरून आपला कोणता ते कळतं. म्हातारपणी आईबाप एका मुलाला जमीन देत तेव्हा अटी घालून देत: वर्षाला इतके मिनो (धान्याचं जुनं माप) गहू, एक डुक्कर, इतकं सरपण, चर्चला न्यायला घोडागाडी. पोराच्या शब्दावर विसंबत नसत, आणि त्यामुळेच आपल्याला इतका तपशील मिळतो! सेन्योरी पद्धत (तिथली जमीनदारी) 1854 मध्ये रद्द झाली, तोपर्यंतचे खंडाचे कागदही उपयोगी पडतात. क्वेबेकच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नोटरींचे कितीतरी दस्त आता ऑनलाइन, फुकट बघता येतात.

आबे (म्हणजे पाद्री) तांग्वेचा सात खंडांचा वंशावळकोश (1871 ते 1890) दिशा दाखवायला उत्तम, पण त्यात चुका आहेत, आणि लोकांनी ऑनलाइन टाकलेल्या वंशवृक्षांत त्या बिनदिक्कत उतरल्या आहेत. मॉन्ट्रियल विद्यापीठाच्या लोकसंख्या-इतिहास प्रकल्पाचा डेटाबेस जास्त भरवशाचा. तरीही मूळ पान उघडून बघाच.

आणि माग 1755 नंतरच्या क्वेबेकमध्ये एकदम सुरू होत असेल, मागे काहीच नसेल, तर माणूस अकेडियन (आजच्या नोव्हा स्कोशिया भागात वसलेला फ्रेंच) असण्याची शक्यता धरा. इंग्रजांनी त्या वर्षापासून अकेडियन शेतकऱ्यांना घरादारासकट उठवलं. मग शोध क्वेबेकमध्ये नाही, नोव्हा स्कोशियात करायचा. तिथल्या पोर-र्वायाल या जुन्या अकेडियन वस्तीच्या 1702 पासूनच्या चर्च-नोंदी तिथल्या अभिलेखागारात आहेत.