जुनी दुनळी: आधी वय ओळखा, मग स्क्रूला हात लावा

जुनी दुनळी बंदूक हातात आली की पहिला मोह होतो तिला चकचकीत करण्याचा. तो आवरा. पॉलिश पेपरने ज्या खुणा पुसल्या जातात, त्यांच्यावरूनच बंदुकीचं वय कळतं, आणि कोणती दुरुस्ती करायची, कोणती मुळीच नाही, हे त्या वयावर ठरतं. परवाना आणि मालकीचे कागद तपासून झालेत, असं धरून चालतो.

बंदूक उघडा. दोन्ही चेंबर, म्हणजे काडतूस बसतं त्या पोकळ्या, रिकामे असल्याचं डोळ्यांनी बघा, वर बोट घालून चाचपा. मग पुढची लाकडी पकड काढून नळ्या वेगळ्या करा आणि उलट्या धरा. चेंबरखालच्या सपाट भागावर प्रूफचे, म्हणजे दाबचाचणीचे, शिक्के असतात. वर कोरलेल्या नावावर विसंबू नका. पुष्कळदा ते विकणाऱ्याचं असतं, घडवणाऱ्याचं नाही.

इंग्लिश बंदुकीवर 'नॉट फॉर बॉल', म्हणजे 'अखंड गोळीसाठी नाही', असं असेल तर ती 1875 ते 1887 या काळातली. मुकुटाखाली 'एनपी' (नायट्रो प्रूफ, म्हणजे धूररहित दारूची चाचणी) ही अक्षरं 1904 नंतरची, आणि चौरस इंचाला किती टन दाब हा आकडा 1954 च्या नियमांनंतरचा. बेल्जियमच्या लिएजचा शिक्का लंबगोलात 'ईएलजी' असा. त्यावर मुकुट आला 1893 मध्ये, वर्षाचं अक्षर 1922 पासून. स्पेनच्या एईबारमध्ये वर्षाची अक्षरं 1927 पासून सुरू झाली. अमेरिकेत असे शिक्के मारणारं सरकारी प्रूफ हाउस नाही, त्यामुळे तिथल्या बंदुकीसाठी अनुक्रमांक कंपनीच्या नोंदींशी ताडून बघावा लागतो.

शिक्के झिजले असतील तर रचना बघा. अँसन-डीली पद्धतीचा बॉक्सलॉक, म्हणजे चापाची यंत्रणा मधल्या धातूच्या पेटीतच बसवलेली रचना, 1875 चा, म्हणजे तशी बंदूक त्याआधीची असूच शकत नाही. उलटं मात्र खरं नाही: बाहेर घोडे, म्हणजे चाप ओढल्यावर आपटणारे हातोडे, दिसतात म्हणून ती त्याआधीची ठरत नाही, घोड्यांच्या बंदुका नंतरही बनत राहिल्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं माप. जुन्या बारा बोअरचे चेंबर अनेकदा 65 मिलिमीटरचे असतात, आजची काडतुसं बहुधा 70 ची. गंमत अशी की 70 चं काडतूस त्यात सहज बसतं, कारण हे माप उडाल्यावर उलगडलेल्या काडतुसाचं असतं. उडताना त्याचं दुमडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात उघडतं, वाट अडते आणि दाब चढतो. बसलं म्हणजे चाललं, हा हिशेब इथे उलटतो. चेंबर गेजनेच मोजा. नळीवर लाटांसारखी नक्षी दिसली तर ती दमास्कस, म्हणजे लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, जोडून घडवलेली. बहुतेक अशा नळ्या काळ्या दारूच्या काळातल्या. नव्या काडतुसांना तिथे जागा नाही.

मग नळ्या आकड्याला टांगून बोटाच्या सांध्याने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर ठीक. थरथर किंवा बद्द आवाज आला तर दोन नळ्यांमधली पट्टी सुटली असण्याची शक्यता मोठी. पुढची पकड न लावता बंदूक बंद करून हलवा. खडखडली तर बिजागरी झिजली आहे.

घरी करण्यासारखं काम थोडंच आहे. स्क्रूच्या खाचा अरुंद असतात, म्हणून पातं नेमकं घासून बसवलेला पेचकसच वापरा, नाहीतर खाच फाटते. दस्त्याच्या टोकाशी तेल मुरून लाकूड काळं पडलं असेल तर खडूची भुकटी पेस्ट करून लावा, वाळू द्या, झाडा, पुन्हा लावा. कंटाळवाणं काम आहे, पण उतारा पडतो.

नळीतला पोचा, झिजलेली बिजागरी, चाप-घोड्याचं लॉक, भिंतीची जाडी मोजणं, हे सगळं बंदुकीच्या कारागिराचं. त्याला एवढं बजावा: नळ्या गरम क्षारांच्या टाकीत काळ्या करू नकोस. त्या क्षारांनी पट्टीचं मऊ डाख खाल्लं जातं. जुन्या दुनळीला हळूहळू गंज चढवून काळं करण्याची सावकाश पद्धतच लागते.