मृगाआधी गायरी उपसा, नाहीतर माड हातचा जाईल

कोकणात घरामागे चार-पाच माड आणि त्यांना लागूनच शेणाची गायरी, म्हणजे शेणखताचा खड्डा, हे चित्र बहुतेक वाड्यांत दिसतं. तीन-चार वर्षांचा, चांगला धरलेला माड पावसाळ्यात एकाएकी मान टाकतो आणि मालक म्हणतो रोप वाईट होतं, जमीन वाईट आहे. अशा ठिकाणी माडाकडे बघण्याआधी गायरीत फावडं घाला, एवढंच माझं सांगणं असतं. आत अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, तपकिरी डोक्याच्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघतात. या गेंड्या भुंग्याच्या.

अळी माडाला काही करत नाही. ती शेणखतात नि कुजक्या खोडात वाढते. भुंगा झाला की रात्री उडतो आणि शेंड्यात शिरून कोवळा कोंब पोखरतो. झाप (माडाचं पान) उमलतो तेव्हा तो कात्रीने त्रिकोणी कापल्यासारखा दिसतो. म्हणजे नुकसान आधीच होऊन गेलेलं असतं. त्याच जखमेत सोंड्या भुंगा, ही माडाची दुसरी कीड, अंडी घालतो, पावसाचं पाणी मुरून कोंब कुजतो. मधली सुई, म्हणजे न उमललेला कोवळा झाप, पिवळी पडून हाताने ओढताच सुटली आणि घाण वास आला, की तो माड क्वचितच वाचतो.

म्हणून या आठवड्यात गायरी तळापर्यंत उपसा. वरवर उकरू नका, अळ्या खाली ओलाव्यात असतात. खत उन्हात पसरा आणि कोंबड्या सोडा. अळ्या वेचूनच खत माडाच्या बुंध्याभोवतीच्या आळ्यात घाला. उरलेल्या खतावर मेटारायझियम ही अळ्या मारणारी बुरशी शिंपडून ओल टिकवा. मेलेला माड उभा ठेवला असेल तर तोडून, चिरून जाळा. माझा अनुभव असा, की पहिल्या सरींनंतरच्या रात्री भुंगे जास्त येतात, आणि गायरीजवळचा माड आधी धरला जातो.

शेंड्यासाठी:
- भोकातून ताजा चोथा बाहेर आलेला दिसला तर आकडीच्या तारेने भुंगा ओढून मारा.
- वरच्या दोन-तीन झापांच्या बेचक्यात २५० ग्रॅम निंबोळी पेंड आणि तेवढीच बारीक वाळू भरा. मे, सप्टेंबर, डिसेंबर.
- लहान माडाला ३-४ डांबर गोळ्या बेचक्यात ठेवून वर वाळू, दर ४५ दिवसांनी.
- पावसाआधी शेंड्यावर १ टक्का बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण: १ किलो मोरचूद, १ किलो चुना, १०० लिटर पाणी. प्लास्टिकच्या पिंपात करा, मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात ओता. लोखंडी विळा बुडवून तांबूस डाग आला तर चुना वाढवा. त्याच दिवशी संपवा.

जुनी माणसं शेंड्यात राख आणि मीठ टाकत. शिफारशीत ते नाही, पण राख-वाळू टाकलेल्या बेचक्यात भुंगा कमी शिरतो असं मला दिसलं आहे. मीठ मात्र बेताने.

दुकानात शेंड्यात टाकायची महागडी दाणेदार विषं आणि 'टॉनिक' गळ्यात मारतात. गायरी तशीच ठेवून ती घेतलीत तर पैसे पाण्यात, कारण दर पावसाळ्याला नवे भुंगे तुमच्याच शेणातून निघणार. शिवाय परसातल्या माडाचं शहाळं आपलीच पोरं पितात, हे विसरू नका.

बाकी जूनची कामं (५ वर्षांवरील माड):
- शेणखत ५० किलो
- सुपर फॉस्फेट ३ किलो, एकदम
- युरिया ७५० ग्रॅम आणि पोटॅश साधारण ६६५ ग्रॅम. एवढेच पुन्हा ऑक्टोबर आणि फेब्रुवारीत
- पाणी तुंबू नये म्हणून चर
- सुकलेले झाप, जुन्या पोया (वाळलेले फुलोरे) काढणे

पाडेली नारळ पाडायला चढेल तेव्हाच त्याला शेंडा बघायला सांगा. त्याची वेगळी मजुरी द्यावी लागली तरी द्या. आणि शेजाऱ्याशी आजच बोला. भुंगा कुंपण मानत नाही, त्यामुळे वाडीतल्या सगळ्या गायऱ्या एकाच आठवड्यात उपसल्या गेल्या पाहिजेत.