एफवायबीएस्सी फिजिक्स: मेकॅनिक्स आणि फ्लुइड्सचा पेपर कसा धरायचा

बारावी झाली, सीईटीचा धुरळा खाली बसला आणि बीएस्सीला फिजिक्स घेतलं की पहिल्याच सेमिस्टरला मेकॅनिक्स आणि प्रॉपर्टीज ऑफ मॅटर समोर येतं. सिलॅबस बघितला की वाटतं हे तर सगळं झालंय. न्यूटनचे नियम, वर्क-एनर्जी, व्हिस्कॉसिटी (म्हणजे द्रवाचा चिकटपणा), सरफेस टेन्शन, बर्नूली, सगळी ओळखीचीच नावं. त्यामुळे बरीच मुलं सुरुवातीला निवांत असतात आणि मग इंटर्नलचा पेपर हातात पडला की कळतं, प्रश्न ओळखीचा वाटतोय पण सुटत नाहीये. मी हाच पेपर शिकले, पुढे एमएस्सी केलं आणि आता फर्स्ट इयरची प्रॅक्टिकल्स घेते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मला एकच गोष्ट ठासून सांगायचीय. फॉर्म्युला आठवायच्या आधी आपण नक्की कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय ते ठरवा आणि तो फॉर्म्युला कुठल्या अटींवर उभा आहे ते बघा. एन्ट्रन्सच्या तयारीत सवय लागलेली असते की प्रश्नातले आकडे बघायचे, त्या आकड्यांना बसणारा फॉर्म्युला काढायचा, उत्तर ऑप्शनमध्ये आहे का बघायचं आणि पुढे जायचं. इथे ऑप्शन नसतात आणि प्रश्न थोडासा जरी वाकडा केला तरी ही पद्धत जागच्या जागी अडकते.

साधं उदाहरण घ्या. ५ किलोचा ब्लॉक सपाट टेबलावर आहे, घर्षणाचा गुणांक ०.४, आणि आपण त्याला आडवं १० न्यूटनने ओढतोय. घर्षण किती? वर्गात विचारलं की पटकन उत्तर येतं १९.६ न्यूटन, कारण म्यू गुणिले एमजी पाठ असतं. पण ओढताय १० ने आणि घर्षण १९.६ असेल तर ब्लॉक उलटा मागे पळायला पाहिजे ना! उत्तर १० न्यूटन आहे, कारण १९.६ ही घर्षणाची कमाल मर्यादा आहे, तोपर्यंत ते जेवढं लागेल तेवढंच येतं. फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरची सगळी बलं बाणांनी दाखवणारं चित्र, काढला असता तर हे दिसलंच असतं. तसंच उताराचं. उतारावरच्या ब्लॉकचा नॉर्मल रिअॅक्शन एमजी कॉस थीटा, हे इतकं पक्कं डोक्यात बसलेलं असतं की त्याच ब्लॉकला कोणी उताराकडे आडवं ढकलत असलं तरी मुलं तेच लिहितात. तेव्हा त्या ढकलण्याचा एक भाग ब्लॉकला उतारावर दाबतो, म्हणजे नॉर्मल वाढतो, म्हणजे घर्षणाची मर्यादाही वाढते आणि पुढचं सगळं गणित बदलतं. डायग्राम काढायला अर्धं मिनिट लागतं, तो मार्जिनमध्ये खरडू नका, मोठा काढा, आणि प्रत्येक बाणासाठी स्वतःला विचारा की हे बल कोण लावतंय. उत्तर देता आलं नाही तर तो बाण खोडा.

आता एक प्रयोग सांगते, घरी किचनचा डिजिटल वजनकाटा असेल तर आजच करा. ग्लासात पाणी घ्या, काट्यावर ठेवा, रीडिंग झीरो करा. आता बोट पाण्यात बुडवा, ग्लासच्या तळाला किंवा काठाला लागू न देता. रीडिंग वाढतं का? बऱ्याच जणांना वाटतं नाही वाढणार, बोटाचं वजन तर आपल्या हातानेच पेललंय. पण वाढतं, आणि बोटाने २० घनसेंटिमीटर पाणी बाजूला सारलं असेल तर बरोबर २० ग्रॅमने वाढतं. पाणी बोटाला वर ढकलतंय, मग न्यूटनच्या तिसऱ्या नियमाने बोट पाण्याला तेवढंच खाली ढकलणार आणि काट्याला ते जाणवणार. आता बोटाऐवजी दोऱ्याला बांधलेला दगड सोडा, समजा २५० ग्रॅमचा, आकारमान १०० घनसेंटिमीटर. दोऱ्यावरचा ताण १५० ग्रॅमवजनावर येतो आणि काट्यावर १०० ग्रॅम चढतात. ग्लास, पाणी, दगड सगळं मिळून एक सिस्टिम धरली तर एकूण वजन तेच आहे, फक्त त्याची वाटणी बदलली. मला हा प्रयोग फार आवडतो, कारण आर्किमिडीज आणि न्यूटन हे वेगवेगळ्या चॅप्टरमधले लोक नाहीत हे इथे डोळ्यांनी दिसतं.

फ्लुइड्सला मुलं ऑप्शनला टाकतात, तसं करू नका. स्टॅटिक्सचा भाग तर अगदी सरळ आहे, दाब फक्त खोलीवर ठरतो. कोयना धरणाची भिंत सुमारे १०३ मीटर उंच आहे, मागे शिवसागर जलाशय कितीतरी किलोमीटर पसरलाय, पण भिंतीवर दाब किती येणार हे जलाशय किती लांब आहे त्यावर ठरतच नाही, भिंतीपाशी पाणी किती खोल आहे त्यावर ठरतं. दर १० मीटरला साधारण एक वातावरण, म्हणजे १०० मीटर खोलीला १० वातावरणांचा जादा दाब. आणि हा दाब खाली वाढत जातो म्हणून भिंतीवरचं एकूण बल खोलीच्या वर्गात वाढतं, धरण तळाशी जाड का बांधतात ते इथून कळतं. हे इंटिग्रेशन एकदा स्वतःच्या हाताने करून बघा, चार ओळींचं आहे.

खरी अडचण बर्नूलीला येते, म्हणजे एकाच पातळीवर जिथे वेग जास्त तिथे दाब कमी असं सांगणाऱ्या समीकरणाला. डॅनियल बर्नूलीने १७३८ साली हायड्रोडायनॅमिका छापलं, तेव्हापासून हे समीकरण सगळीकडे लावायचा मोह लोकांना होतोय. त्याच्या अटी आहेत: प्रवाह स्थिर हवा, घनता बदलायला नको, व्हिस्कॉसिटी दुर्लक्ष करण्याइतकी कमी हवी आणि दोन्ही बिंदू एकाच स्ट्रीमलाइनवर, म्हणजे प्रवाहाच्या एकाच वाटेवर, हवेत. (विमानाच्या पंखावरची हवा आणि खालची हवा एकाच वेळी मागच्या टोकाला पोचतात म्हणून वरची जोरात जाते, हे स्पष्टीकरण कुठे वाचलं असेल तर डोक्यातून काढून टाका, वरची हवा प्रत्यक्षात आधीच पोचते.) आता हे बघा. सारख्या व्यासाची आडवी नळी आहे, त्यातून पाणी वाहतंय. कंटिन्युइटीने, म्हणजे जेवढं पाणी आत येतं तेवढंच बाहेर जातं यावरून, वेग सगळीकडे सारखा, मग बर्नूलीने दाबही सगळीकडे सारखा. पण त्याच पेपरात बारीक नळीतल्या प्रवाहाचा प्वाझयचा नियम आहे आणि तो सांगतो की दोन टोकांच्या दाबात फरक असल्याशिवाय पाणी वाहणारच नाही. मग खरं कोण? दोघंही, आपापल्या जागी. कॅपिलरीत, म्हणजे केसासारख्या बारीक नळीत, व्हिस्कॉसिटीच सगळं चालवते, तिथे बर्नूली लावायचाच नाही. व्हायवाला मी हा प्रश्न हमखास विचारते, आणि ज्याला हा पटलाय त्याला फ्लुइड्स कळायला लागलंय असं खुशाल समजावं.

प्वाझय हा फ्रेंच डॉक्टर, बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कसं वाहतं हे समजून घ्यायला त्याने १८४० च्या सुमारास काचेच्या नळ्यांवर प्रयोग केले. त्याचं प्रॅक्टिकल तुम्हालाही असेलच. सेटअप सोपा आहे, कॉन्स्टंट लेव्हल टँक, आडवी कॅपिलरी, खाली मेजरिंग सिलिंडर आणि स्टॉपवॉच. मुलं सगळा वेळ पाणी जमवण्यात घालवतात आणि त्रिज्या मात्र शेवटच्या पाच मिनिटांत उरकतात. नेमकं उलटं करायला पाहिजे, कारण फॉर्म्युल्यात त्रिज्येचा चौथा घात आहे. कॅपिलरीचा आतला व्यास १ मिलिमीटर आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोपचा लीस्ट काउंट (मोजता येणारं सगळ्यात लहान माप) ०.०१ मिलिमीटर धरला, तर एका घराची चूक म्हणजे व्यासात १ टक्का आणि व्हिस्कॉसिटीत सरळ ४ टक्के. म्हणून व्यास आडवा आणि उभा दोन्ही मोजा, भोक अगदी गोल असेलच असं नाही. पाण्याचं तापमान पण लिहून ठेवा, २० अंशाला पाण्याची व्हिस्कॉसिटी जवळपास १ मिलिपास्कल-सेकंद असते आणि ३० अंशाला ०.८ च्या आसपास, त्यामुळे सकाळच्या आणि दुपारच्या बॅचचं उत्तर वेगळं येऊनही दोन्ही बरोबर असू शकतात. आणि टँकमधल्या पाण्याची उंची विरुद्ध प्रवाहाचा ग्राफ वरच्या टोकाला वाकायला लागला तर तो बिंदू खोडू नका, रेनॉल्ड्स नंबर काढून बघा, प्रवाह खळबळायला लागलाय का हे तिथे कळेल. जुन्या जर्नलमधून रीडिंग उतरवणाऱ्यांच्या हातून नेमका हाच भाग निसटतो, आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण त्या दोन तासांतलं सगळ्यात शिकण्यासारखं तेच असतं.

रोटेशनला वेळ जास्त ठेवा. उतारावरून घरंगळताना भरीव गोळा रिंगच्या आधी पोचतो, वस्तुमान आणि त्रिज्या काहीही असो, कारण प्रवेग एकाचा जी साइन थीटाच्या ५/७ आणि दुसऱ्याचा १/२. हे मोमेंट ऑफ इनर्शियावरून, म्हणजे वस्तुमान अक्षापासून किती लांब पसरलंय त्यावरून, स्वतः काढता आलं पाहिजे, तक्ता पाठ करून भागत नाही.

गणिताचं म्हणाल तर डेरिव्हेटिव्ह, साधं इंटिग्रेशन, व्हेक्टरचे डॉट आणि क्रॉस प्रॉडक्ट आणि एक-दोन सोपी डिफरन्शियल इक्वेशन्स, एवढं हातात बसलेलं असलं की पुरे. बारावीला मॅथ्स घेतलं नसेल तर पहिल्या महिन्यातच मॅथ्सवाल्या मित्राला पकडा, सेमिस्टर संपायची वाट बघू नका. दर आठवड्याला पाच-सहाच प्रॉब्लेम सोडवा पण पूर्ण सोडवा: डायग्राम, समीकरण, आकडे शेवटी, मग युनिट तपासणं आणि शेवटी एक टोकाची केस, म्हणजे कोन शून्य केला तर काय होतं, नव्वद केला तर काय होतं. सोल्यूशन बघून समजणं आणि कोऱ्या कागदावर सोडवणं यात बराच फरक असतो, तो परीक्षेच्या हॉलमध्ये कळण्यापेक्षा घरी कळलेला बरा.

पुढे एमएस्सीला आयआयटीत जायचं डोक्यात असेल तर जॅमच्या, म्हणजे त्या प्रवेशपरीक्षेच्या, फिजिक्स पेपरात मेकॅनिक्स आणि जनरल प्रॉपर्टीज ऑफ मॅटर हा अख्खा विभाग आहे, बर्नूली आणि कंटिन्युइटी त्यातही आहेत. तिथे काही प्रश्नांना ऑप्शनच नसतात, आकडा स्वतः काढून टाइप करावा लागतो. म्हणून फर्स्ट इयरच्या नोट्स रद्दीत देऊ नका, थर्ड इयरला त्याच परत काढायच्या आहेत.