चर्चचं सोशल मीडिया सांभाळताय? या चुका टाळा

मंडळीचं फेसबुक पेज, यूट्यूब चॅनेल, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप हे सगळं बहुतेक चर्चमध्ये एक-दोन तरुणच सांभाळतात, तेही मनापासून. तरीही काही चुका वारंवार होतात आणि त्यांचा त्रास मंडळीतल्याच माणसांना होतो.

सर्वांत मोठी चूक प्रार्थना-विनंत्यांची. उपासनेनंतर एखादी बहीण पाळकांना बाजूला घेऊन काही सांगते आणि संध्याकाळी पेजवर तिचं नाव, आजार, दवाखाना, ऑपरेशनची तारीख सगळं झळकतं. टाकणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण तिने अजून माहेरीही सांगितलेलं नसतं. पोस्ट काढली तरी स्क्रीनशॉट फिरतच राहतात. म्हणून आधी विचारा, ‘हे टाकलं तर चालेल का? किती लिहू?’ होकार आला नाही, तर ‘आपल्या मंडळीतल्या एका आजारी बहिणीसाठी प्रार्थना करा’ एवढं पुरे. प्रार्थना ऐकणाऱ्याला नाव माहीत आहे.

संडे स्कूलच्या मुलांचंही तसंच. पालकांची लेखी परवानगी नसेल तर चेहरा दिसेल असा फोटो नको, आणि परवानगी असली तरी फोटोखाली मुलाचं नाव नको. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो, हेही आपण विसरतो. फक्त सूचनाच द्यायच्या असतील तर व्हॉट्सअ‍ॅप चॅनेल सुरू करा. तिथे सभासदांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत.

लाइव्ह प्रक्षेपणाची तक्रार बहुधा आवाजाचीच असते. चित्र थोडं अस्पष्ट असलं तरी लोक बघतात, पण पाळकांचा संदेश ऐकू आला नाही की बंद करतात. मागच्या बाकावर ठेवलेला फोन संदेशापेक्षा पंख्याचाच आवाज जास्त टिपतो. साउंड मिक्सरमधून फोनला थेट आवाज देता आला तर उत्तम, नाहीतर फोन स्पीकरजवळ न्या. शनिवारी यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ (फक्त लिंक असणाऱ्यालाच दिसेल असं) ठेवून दहा मिनिटांची चाचणी घ्या आणि ती दुसऱ्या फोनवर ऐका. मधेच आवाज गायब झाला, तर बहुतेक वेळा कुणाची तरी रेकॉर्ड केलेली ट्रॅक वाजलेली असते. गीत जुनं असलं तरी त्या रेकॉर्डिंगवर हक्क दुसऱ्याचा असू शकतो. आपलं गायनमंडळ, आपला कीबोर्ड, हेच बरं. फेब्रुवारी 2025 पासून फेसबुक नवे लाइव्ह व्हिडिओ 30 दिवसांनी काढून टाकतं, त्यामुळे संदेश जपायचा असेल तर वेळेत डाउनलोड करा.

पेजचा ताबा एकाच्याच हातात नको. तो नोकरीसाठी बाहेर गेला, नंबर बदलला की पेज अडकतं. निदान दोघांना पूर्ण अधिकार द्या आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय) चालू ठेवा.

उपासनेची वेळ आणि पत्ता पेजवर वरच दिसू द्या. नवखा माणूस तेच शोधत येतो.

आणि इनबॉक्स रोज उघडा. पोस्टवरच्या लाइक्स आपण मोजतो, पण रात्री उशिरा आलेला ‘पाळकांशी बोलता येईल का?’ हा मेसेज आठवडाभर तसाच पडून राहतो. माझ्या मते पेजचं खरं काम तिथेच आहे. उत्तर कोण देणार याची पाळी ठरवा, आणि रात्रीसाठी आपोआप जाणाऱ्या उत्तरात फोन नंबर ठेवा. कुणी स्वतःचं बरंवाईट करण्याची भाषा केली, तर नुसतं टाइप करत बसू नका. लगेच फोन करा, पाळकांना कळवा आणि आपत्कालीन मदतीचा नंबर द्या.